नाक की ओठ?

घोळ हादीनेच घातला. गच्चीवरच्या दोरीला त्याने ऑक्टोपस वाळत टाकले आणि पाखरांनी टोचू नये म्हणून हाताला लागला तो लाल रुमाल काठीला बांधून वर फडकवला. मग स्वारी होडीत बसून निघाली.

दुपारी मासे अडवायला समुद्रात रोवलेल्या खजुरीच्या झावळ्यांच्या कुंपणातून तो मासे काढत होता. सहज मान वर केली, तर गच्चीवर लाल! सकाळचा उद्योग तो केव्हाच विसरला होता. हातातले मासे समुद्राला परत करून त्याने वल्हं उचललं.

"घराला आग लागली का रे?" शेजारच्या कुंपणातून मुन्सिफ ओरडला.

"नाही!"

"मग वहिनीने बोलावलं!"

केर्केना बेटावर गुपित फक्त माशांपासूनच राहतं.

लाल रुमाल ही वसीलाची, त्याच्या बायकोची, खूण. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. हादी मासेमारीला दोन-तीन रात्री बाहेर राही आणि नेमके हवे तेच दिवस वाया जात. शेवटी शादलिया मावशीने, म्हाताऱ्या सुईणीने, तिला शिकवलं: "हात स्वच्छ धू आणि बोटाने आत गर्भाशयाचं तोंड चाचप. नाकाच्या शेंड्यासारखं टणक, खाली लागलं, तर नवऱ्याला खुशाल मासे मारू दे. ओठासारखं मऊ, ओलसर, वर सरकलेलं लागलं, की बोलाव मेल्याला!" सुरुवातीला वसीलाला काही उमगेना. मग पाळीमागून पाळी गेली, तसं बोट शहाणं झालं आणि ओठ लागला की गच्चीवर लाल रुमाल चढू लागला.

हादी धापा टाकत आला, तेव्हा ती कांदा चिरत होती.

"आलो!"

"कशाला?"

त्याने वर बोट दाखवलं. अंगणात जाऊन तिने रुमाल पाहिला, शेजारचे ऑक्टोपस पाहिले आणि हसत खालीच बसली.

"अरे शहाण्या, तो बांधला कोणी?"

हादीचं तोंडही वाळत घातल्यासारखं झालं.

"आज नाकच आहे," ती म्हणाली. मग पदराने नव्हे, मनगटानेच डोळे पुसले; कांद्याचं निमित्त होतंच. "पण धावत आलास रे."

त्यानंतर हादी एकही रात्र बाहेर राहिला नाही. मासे कमी मिळत, मुन्सिफ चिडवी. रोज सकाळी दारात उभं राहून तो विचारी, "नाक की ओठ?"

"नाक. जा."

एके सकाळी वसीला न्हाणीघरातून आली ती त्याच लाल रुमालात केस बांधत. त्याने जाळं खांद्यावर घेतलं होतं.

"नाक की ओठ?"

"होडी बांधून ये."