पुष्पांजलीची जाळी

सौंदडच्या शालीकरामची थोरली लेक पुष्पांजली गोंदियाच्या एका कॉलेजात संशोधन करते आणि गोंदियालगतच्या कुडव्याला खोली घेऊन राहते. काय करतेस म्हणून कोणी विचारलं, तर सांगते, भोकं बुजवते. लोक हसतात, पण ती खोटं बोलत नाही. तिचं काम ग्राफीनवर; ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी विणलेली आणि जाडीला एकाच अणूची. तयार करताना तिच्यातले अणू जागोजाग निखळतात, भोकं पडतात, मग वीज तिच्यातून धड वाहत नाही. पुष्पांजली ती जाळी उष्णता सोसणाऱ्या काचेवर पसरते, भट्टीत लालभडक तापवते आणि वरून अल्कोहोलची वाफ सोडते. वाफेतला कार्बन नेमका भोकात जाऊन बसला, तर जाळी सांधते.

तीन वर्षं झाली, ती काही सांधेना. मार्गदर्शक वीरेंद्र सर भले माणूस, पण त्यांनीही शेवटी सांगून टाकलं, की शनिवारी भट्टी तुला देतो, तेव्हाही जमलं नाही तर विषय बदलू. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी सकाळी शालीकराम तांदळाची पिशवी घेऊन तिच्या खोलीवर आला, तेव्हा लेक देवापुढे बसलेली. दिवा लागलेला, हात जोडलेले, पण ओठ काही हलत नव्हते. तो बाजूला बसला. ती उठल्यावर त्याने काय झालं ते विचारलं. तुम्हाला काय कळणार म्हणून आधी ती फणकारली, मग आपणच सगळं सांगत सुटली. तिच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, शालीकराम अजून जिवापाड जपतो. म्हणून तिने त्याच्याच भाषेत सांगितलं, की पाळीवर माती टाकावी तशी मी वाफ टाकते, भरपूर, एकदम.

"एकदम काऊन?"

"भगदाड पडलं का तुमी तेच करता ना, बाबा? साऱ्या गावानं टोपल्या टाकलेल्या पाह्यल्या मी लहानपणी."

शालीकराम हसला. "अवं पोरी, तवा पानी वाहून राहते. गाव बुडू नये म्हनून टाकतो. त्याले दुरुस्ती नाही म्हनत. उन्हाळ्यात ते सारं उकरून फेकतो अन् मंग पातळ थर देतो. चोपाचा, मुरू द्याचा, दुसऱ्या दिवशी दुसरा. तुह्या भट्टीत पानी वाहून राहिलं काय?"

पुष्पांजलीने मनातल्या मनात भट्टी पाहिली. भट्टीत कसलीच घाई नव्हती. घाई तिच्या अंगात होती, तलाववाल्यांच्या पोरीच्या अंगात मुरलेली. एवढ्या वाफेतला कार्बन भोकात बसायच्या आधीच एकावर एक साचायचा आणि जाळीवर काजळी धरायची. ती काजळी तिने कितीदा पाहिली होती! दर वेळी वाटायचं, अजून पुरलं नाही, आणि ती आणखी वाफ सोडायची.

शनिवारी तिने वाफ इतकी थोडी सोडली, की सरांनी दोनदा येऊन विचारलं, चालू आहे ना. तीन तास ती भट्टीपाशी बसून होती. मनात नामस्मरण. जाळी थंड झाल्यावर सरांनी स्वतः मोजलं. वीज आधीच्या चौपट वाहत होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजलं, आणि विषय बदलायचा नाही, एवढंच म्हणाले.

शालीकराम सौंदडला परतलाच नव्हता. कॉलेजच्या फाटकाशी कडुनिंबाखाली बसून होता. लेकीचा चेहरा पाहून तो उठला. तिने डबीतला काचेचा तुकडा काढला. त्याने हात धोतराला पुसले आणि तीर्थ घ्यावं तसा तो ओंजळीत घेतला.

"कुठं बुजवलं, दाखव मले."

"दाखवता नाही येत, बाबा. आता मलेबी वळखू नाही येत."

त्याने काच उन्हात धरली, डोळे बारीक करून बराच वेळ निरखली.

"मंग बरं बुजवलं," तो म्हणाला.