धोंडिबा फिटरची एम.जी.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान धोंडिबा यांना मी बावीस वर्षं ओळखत होतो. एवढ्या काळात त्यांनी स्वतःची ओळख नुसत्या नावाने कधी करून दिली नाही. 'धोंडिबा फिटर' असंच सांगायचे. लग्नाच्या पत्रिकेतही तसंच छापून घेतलं होतं. आमचे वडील महूच्या लष्करी डेपोत कारकून होते. त्यांनी ती पत्रिका वाचली आणि 'आडनाव बरं आहे' एवढंच म्हणाले.

ब्याण्णव साली दाजींची मिल बंद पडली. भोंगा थांबला, पगार थांबला, पण हे 'फिटर' काही थांबलं नाही. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात दाजी सकाळी आठला अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, दारातल्या खुर्चीवर बसत आणि पाचला उठत. मधल्या वेळात काय करत, तर काही नाही. ताई अंगणवाडीत होती, घर तिच्या पगारावर चालत होतं. मुलगी कीर्ती पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात एकटी मुलगी. एका पगारात तिचं तिसरं वर्ष निघणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर मिलचे जुने साचे, म्हणजे कापडाचे माग, मोडीत निघाले. मल्हारगंजातल्या एका भंगारवाल्या सेठने ते उचलले खरे, पण साचे विलायतेतले, सत्तर वर्षांपूर्वीचे. त्यांच्या नट-बोल्टांचं माप इंग्रजी. बाजारातला पाना लावला की एक तर बसेना, नाही तर घसरे. त्या मापाला जुळणाऱ्या पान्यांचा अख्खा जुडगा फक्त दाजींकडे होता. ज्या साच्यांना चोवीस वर्षं तेलपाणी केलं, ते त्यांनी तीन आठवड्यांत स्वतःच्या हाताने खोलून दिले. मला वाटलं होतं माणूस खचेल. पण ते रोज संध्याकाळी येऊन आज किती बोल्ट न मोडता निघाले ते सांगायचे.

मजुरी काय द्यायची, असं सेठने विचारलं तेव्हा दाजींनी बॉयलरशेजारच्या शेडकडे बोट दाखवलं. तिथे ताडपत्रीखाली गोऱ्या मॅनेजरची सोडून दिलेली मोटार होती. एम.जी., सत्तेचाळीसची, दोन सीटांची, सायकलसारख्या तारांच्या चाकांची. इंदुरात एम.जी. म्हटलं की लोकांना रस्ता आठवतो, मोटार नाही. सेठला बला टळल्याचा आनंद झाला. बैलगाडीवरून ती मोटार परदेशीपुऱ्यात आली. तिच्या कागदपत्रांचं काय, ते कृपा करून मला विचारू नका. मी सरकारी नोकर आहे.

ताईने ती पाहिली आणि मला बोलावून घेतलं.

"नरेंद्र, तू समजाव यांना. घरात आटा भरायचा की ग्रीस?"

मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय माझा स्वतःचाही त्यात राग होता. ए.बी. रोडवर नव्या मोटारींचं चकचकीत शोरूम उघडलं होतं, तिथे मी ओळखीने दाजींसाठी चौकीदाराची जागा धरून ठेवली होती. दाजी म्हणाले, "नरूभिया, तुमची मेहरबानी. पण मी फिटर आहे. गेट उघडायला दुसरा कोणी पण मिळेल."

शेवटी तोड ताईने काढली. आमच्याकडे चौदा एप्रिलला सगळं कुटुंब महूला जातं. बाबासाहेबांची जन्मभूमी ती, आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या पलटणीही तिथल्याच. हे कोणाच्या मरणानेही चुकत नाही. ताई म्हणाली, "येत्या चौदा एप्रिलला ही गाडी महूला पोचली, तर तुम्ही म्हणाल ते. मी तोंड उघडणार नाही. नाही पोचली तर पंधरा तारखेपासून चौकीदाराची वर्दी. मंजूर?"

"मंजूर," दाजी म्हणाले. शोरूमवाल्याला मी तोवर थांबवून ठेवलं.

मग त्या घराला गाडीचं वेड लागलं, आणि ज्यांनी नाकं मुरडली होती तेच पुढे. ताईने शिलाई मशीनवर रेग्झिनच्या सीटा शिवल्या, तीन सुया मोडल्या. कीर्तीने चाकांच्या तारा एकेक करून सरळ केल्या. मी रविवारी जाऊन पत्रा घासायचो आणि घासताना दाजींना टोमणे मारायचो. दाजी इंजिनावर. साच्यांचे पाने या गाडीच्या नटांना अगदी चपखल बसत होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. अडीच वर्षांत मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं. जणू मिलच घरी आली होती.

मार्चमध्ये इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, बसवायची वेळ आली. ते ज्या दहा स्टडांवर, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळ्यांवर, आवळतात ते गंजले होते. ते काढले, नवे करायचे ठरले. इंजिनाच्या ब्लॉकमधल्या दहा भोकांचे आटे साफ करायला दाजींनी मिलमधला आटे पाडायचा टॅप उचलला.

कीर्ती म्हणाली, "बाबा, एकदा आट्यांना गेज लावून बघू ना."

"पाना लागला ना बरोबर? फिर क्या नापना! चोवीस साल हेच केलंय, बेटा. मशीन इंग्रजाची, तर आटे पण त्याचेच."

टॅप जरा जड चालला. गंज असेल म्हणून दाजींनी आणखी जोर लावला. दहाही भोकं एका दुपारी केली आणि त्याच मापाचे दहा स्टड मल्हारगंजातल्या लेथवाल्या खरादीकडून करून आणले.

हेड आवळायच्या दिवशी मी तिथेच होतो. तिसरा नट आवळताना तो घट्ट होईचना, फिरतच राहिला. दाजींनी हात थांबवला. स्टड वर ओढला तर हातात आला, आणि त्याच्या खाचांत बिडाचा भुगा भरलेला. दुसरा ओढला, तोही आला. कीर्तीने डब्यातला जुना गंजका स्टड घासला आणि त्यावर गेज धरलं. नटाचं डोकं इंग्रजी मापाचं, पण खालचे आटे मिलिमीटरचे. दोन्हींत फरक केसाएवढा, म्हणून तर टॅप आत गेला आणि जाताना मूळचे आटे कापत गेला. पुढे तिच्या सरांनी सांगितलं, ही इंजिनं बनवणारा कारखाना मुळात फ्रेंच यंत्रांवर उभा राहिला होता, म्हणून ही खिचडी.

मारुती खोलणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकने आधी माप घेतलं असतं, कारण त्याला इंग्रजी मशीनची सवयच नाही. ही चूक करायला चोवीस वर्षं मिलमध्येच काढावी लागतात.

दाजी कोणावर ओरडले नाहीत. पाने फडक्याने पुसून पोत्यात भरले, पोतं खाटेखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात आले. आजवर कधी आले नव्हते.

"नरूभिया, त्या शोरूमवाल्याला सांगा, कलसेच येतो. चौदा तारखेपर्यंत काय थांबायचं? फिटर-बिटर काही नाही आता."

मला हवं होतं तेच झालं होतं, तरी मला ते ऐकवेना. संध्याकाळी मी ताईला सांगितलं. वाटलं, ती सुटकेचा निःश्वास टाकेल. ती भडकली.

"कशाला कल? चौदा म्हणजे चौदा! ठरलं ते ठरलं. रडत घातलेली वर्दी मला नको घरात." आणि स्वतः वाकून तिने खाटेखालचं पोतं बाहेर ओढलं.

उपाय कीर्तीने काढला. वहीच्या पानावर आकृती काढून आणली. दहाही भोकं मोठी करायची, त्यांत आत-बाहेर आटे पाडलेली बुशं, म्हणजे आखूड नळ्या, बसवायची आणि बुशांत बरोबर मापाचे स्टड. माप तिचं. पण हातातल्या ड्रिलने बिडात दहा भोकं सरळ उभी पाडणं, तिरकं गेलं तर ब्लॉक संपला, ते तिला जमणारं नव्हतं. तिने तसं सांगितलं. दाजी बराच वेळ आकृती बघत बसले. मग ड्रिल उचललं.

आठ दिवस ते काम चाललं. दाजींना कोणाला विचारून काम करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हां मॅडम, किती?"

"बाबा, मॅडम काय?"

"मग नाप सांग ना पटापट."

सातवं बुश तिरकं बसलं. दाजींनी ते काढलं, कीर्तीने नवं माप दिलं. दहा एप्रिलला इंजिन चालू झालं. पहिल्यांदा एवढा धूर झाला की शेजारच्या बाईने पाण्याची बादली आणली.

चौदा तारखेला सकाळी सहाला निघालो. गाडीत दाजी आणि शेजारी मांडीवर पाने घेतलेली कीर्ती. मागे माझ्या स्कूटरवर पांढऱ्या साडीतली ताई, हातात पाण्याची कॅन. "त्या डबड्या गाडीत मी बसणार नाही," असं तिने आधीच सांगून टाकलं होतं. वाटेत राऊ गावाला गाडीचं पाणी उकळलं, अर्धा तास थांबलो. पुढे एका ट्रकवाल्याने मुद्दाम भोंगा वाजवून सलाम ठोकला. साडेआठला महू. जयंतीच्या गर्दीत गाडी कडेला लावली, तर तिच्याभोवती दुसरी गर्दी.

"चाचा, किसने बनाई?"

दाजींनी कीर्तीकडे बोट केलं. कीर्तीने बापाकडे.

दर्शन झालं, रांगेतलं जेवण झालं. झाडाखाली पत्रावळी टाकून ताई उभी राहिली आणि म्हणाली, "बोला. तुम्ही जिंकलात. तुम्ही म्हणाल ते." मी मनात गॅरेजच्या जागेचा हिशेब करायला लागलो होतो. आता हा माणूस गॅरेज मागणार आणि तिसऱ्या वर्षाचं काय होणार, याची मला काळजी लागली होती.

दाजी म्हणाले, "वर्दीची पँट लांब असेल माझ्या मापाला. आज घरी गेल्यावर आखूड करून दे. उद्या नऊला पोचायचंय."

"अहो, पण गाडी तर पोचली!"

"म्हणून तर जातो. त्या दिवशी गेलो असतो ना, तर चौकीदार झालो असतो. आता फिटरच आहे, ड्यूटी फक्त गेटवर आहे. हिचं कॉलेज होऊ दे."

मी उगाच स्कूटरची किक मारायला लागलो. ताई सरळ गाडीपाशी गेली, सीटवर बसलेल्या कीर्तीला म्हणाली, "ऊठ, तू मामाच्या मागे बस," आणि पदर खोचून दाजींच्या शेजारी जाऊन बसली.