शिये पुलावर लागलेला लाल दिवा

कसबा बावड्यात अनुजा चौगुलेला लोक ‘व्हॅनवाल्या ताई’ म्हणून ओळखतात. पोरांना नदीपलीकडच्या शाळेत नेणारा जुना व्हॅनवाला धंदा सोडून गेला, तेव्हा गल्लीतल्या आया तिच्या दारात येऊन बसल्या. तिला चारचाकी येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. माहेरी, पेठ वडगावात, ती वडिलांचा भाजीचा टेम्पो बाजारात न्यायची. नवरा सम्राट साखर कारखान्यात कामाला. त्याला आधी हे पटलं नाही, पण मग त्यानंच एक जुनी, बऱ्या स्थितीतली व्हॅन शोधून आणली.

गाडी ती जपायची. दिवाळीच्या सुट्टीत तिनं ती विजयसिंहांच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला टाकली. विजयसिंह आणि सम्राट लहानपणापासून एका तालमीतले. गॅरेज मोठं, हाताखाली चार माणसं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी गाडी परत आली, धुऊन-पुसून, ऑइल बदलून.

सकाळी पोरं घेऊन ती निघाली. कारखान्याचा हंगाम जोरात होता. शियेच्या पुलावर समोरून उसानं भरलेल्या ट्रॉल्या येत होत्या, मागं रिकाम्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता. पुलावर निम्म्यात आल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. पाठोपाठ इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली.

अनुजानं आरशात बघितलं. थांबायला कडेला वीतभर जागा नव्हती. तिनं वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. पूल संपला, तिनं गाडी कच्च्या कडेला घेतली आणि तिथंच इंजिन एक मोठा आवाज करून बंद पडलं ते पडलंच. तिनं पोरांना उतरवून उसाच्या बांधावर ओळीनं बसवलं आणि एकेका घरी फोन लावले. पालक येईपर्यंत ती पोरांच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहिली.

टोचन लावून गाडी गॅरेजात नेली. विजयसिंह खाली वाकून बघून आले.

“इंजिन जाम झालंय, वहिनी. ऑइल चेंबरचा खालचा बोल्टच न्हाई, ऑइल सगळं गेलंय. दगड लागला असंल.”

“कालच तर तुम्ही ऑइल बदलून दिलंसा.”

“दिलं की. बोल्ट घट्ट करूनच दिलता. पण लाल दिवा लागल्यावर गाडी जाग्यावर बंद करायची असती. तुम्ही चालवलीसा. आता ह्याला मी काय करू?”

ते चढ्या आवाजात बोलले नाहीत, त्यामुळं अनुजाला जास्त लागलं. इंजिन इथंच खोलू या, बघू काय होतंय, असं ते म्हणाले. त्यांनीच इंजिन खोललं तर चूक कुणाची ते कधीच कळणार नाही, असं वाटून तिनं सांगितलं, “नको. गाडी मी घरला नेतो.” आणि पुन्हा टोचन लावून व्हॅन घरी आणून दारातल्या पत्र्याखाली उभी केली.

संध्याकाळी जेवताना तिनं हे सगळं सांगितलं. सासू शालूबाई भाकरी करत होत्या. त्यांचा हात थांबला.

“काय सांडलंतं मग ते?” त्या म्हणाल्या.

“काय, आत्या?”

“सकाळी तू गेल्यावर दारात ही एवढं तेल पडलंतं. मला वाटलं, तुझ्या हातनं डबा लवंडला. मी राख टाकून झाडून घेतलं.”

म्हणजे दगड लागायच्या आधीच, गाडी दारात उभी असताना, तेल गळत होतं. अंधुक उजेडात निघताना अनुजाला ते दिसलं नव्हतं. शालूबाई कितीतरी वेळ हळहळत राहिल्या. “माझ्या हातानं झाडलं की गं.” अनुजा म्हणाली, “दारातलं तेल कोण ठेवील, आत्या?”

सम्राटला हे प्रकरण वाढवायचं नव्हतं. तालमीत रोज तोंड दिसणार. “विजयदादा आपला माणूस हाय,” तो म्हणाला. “आपला हाय म्हणून तर त्यांच्याकडं गाडी टाकली,” अनुजा म्हणाली. ती आणखी दोनदा गॅरेजात गेली. पहिल्यांदा विजयसिंहांनी चहा पाजला. दुसऱ्यांदा ते आत असूनही बाहेर गेल्याचं सांगण्यात आलं.

मग ती श्रीशैल सरांकडं गेली. सर गडहिंग्लजचे, शाळेतून निवृत्त झालेले, ग्राहकांच्या तक्रारी लिहून द्यायला मदत करायचे. वकील लावायचा नसेल तर ग्राहक आयोगापुढं स्वतः बोलता येतं, हे त्यांनीच सांगितलं. तक्रारीचा मसुदा करताना ते म्हणाले, “दिव्याचं आपण आपणहून लिहायला नको. त्यांनी काढलं तर बघू.”

अनुजा म्हणाली, “लिवा सर. दिवा लागला आणि पूल संपेपर्यंत मी गाडी चालवली, असंच लिवा. पोरं गाडीत होती. ते मी का लपवू?”

सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य लिहिलं.

पुढं बरेच महिने तारखा पडत गेल्या. त्या काळात सकाळी पोरांची वेळ झाली की अनुजाला घरात बसवायचं नाही. काही पालकांनी दुसरी गाडी लावली, त्यांना ती काय बोलणार? ती शेजारच्या डेअरीत दूध मोजायला जाऊ लागली. दारातली व्हॅन धुळीनं पांढरी झाली. शालूबाई अधूनमधून ओल्या फडक्यानं तिची काच पुसायच्या.

आयोगाच्या परवानगीनं एका सर्व्हेअरनं, दोन्ही बाजू हजर असताना, इंजिन उघडून बघितलं. आतले बेअरिंग कोरडे जळाले होते. बोल्टच्या जागचे आटे मात्र शाबूत होते. दगड लागून बोल्ट तुटला असता तर आटे फाटले असते, चेंबरला खोक पडली असती. बोल्ट ढिला राहून गळून पडला असावा, असा त्याचा अहवाल आला. शालूबाईंनीही शपथेवर दारातल्या तेलाचं सांगितलं. कागदावर अंगठा न देता त्यांनी सावकाश सही केली.

गॅरेजच्या वकिलांनी शेवटचा मुद्दा तोच काढला. “दिवा लागलेला तुम्ही पाहिलात?”

“बघितला.”

“तरी गाडी चालवलीत?”

“व्हय. पुलावर थांबवली असती तर इंजिन वाचलं असतं कदाचित. मागं ट्रॅक्टर होता, पुढनं ट्रॉल्या. आत लोकांची पोरं. पूल उतरल्यावर थांबवली.”



निकाल पावसाळ्यात लागला. बोल्ट नीट न बसवणं ही सेवेतली त्रुटी ठरली आणि इंजिन नव्यानं बांधून देण्याचा खर्च गॅरेजवर आला. बुडालेल्या धंद्याची भरपाई अनुजानं मागितली होती तितकी मिळाली नाही. वरच्या आयोगात जायचा सल्ला विजयसिंहांना मिळाला होता म्हणे, पण ते गेले नाहीत. काम आमच्याकडंच करून घ्या, असा निरोप त्यांनी पाठवला. अनुजानं तो नाकारला आणि इंजिन पेठ वडगावात भावाच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून बांधून घेतलं.

गणपतीत तालमीच्या मांडवात विजयसिंह समोर आले. सम्राट उगाच मंडपाच्या दोऱ्या बघू लागला. विजयसिंह म्हणाले, “वहिनी, एक बोलू? मला वाटलंतं, पोरं सोडून येताना झालंय. गाडीत पोरं होती हे तुमची तक्रार वाचल्यावर कळलं. माझा पुतण्याबी त्याच शाळेत जातोय.”

“तुम्ही विचारलंच न्हाईसा,” अनुजा म्हणाली.

“न्हाई विचारलं,” ते म्हणाले. “आता बोल्ट मी स्वतः बघतोय. प्रत्येक गाडीचा.”

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि तिच्या मनातही तसं काही ठरलं नव्हतं. मात्र एवढे महिने छातीत बसलेली गाठ सैल झाल्यासारखं वाटलं, असं तिनं नंतर शालूबाईंना सांगितलं.

सोडून गेलेल्यातले निम्मे पालक परत आले. उरलेल्या जागांवर शुगर मिलच्या मागच्या नव्या वसाहतीतली पोरं आली. ती जरा जास्त दंगा करतात. पहिल्या दिवशी पुलावर चढताना तिचा पाय ब्रेकवर गेला, मागच्यानं हॉर्न वाजवला आणि एका पोरीनं विचारलं, “ताई, गाडी का हळू केली?”

“नदी बघा की,” अनुजा म्हणाली. “केवढं पाणी आलंय.”

पोरं सगळी एका बाजूच्या खिडकीला गोळा झाली.