नेस्तोरीच्या गाईचं पाणी

माणसाचा तिटकारा करू नये, पापाचा करावा, असं आमच्या प्रार्थनासभेत वडीलधारे सांगतात. नदीपलीकडच्या नेस्तोरी कोर्वेलाच्या बाबतीत मात्र पाप कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतो, हे मला अजून उमगलेलं नाही. दोघांवर मिळून एकच थर बसला आहे.

तो मुळात असा नव्हता, हे लिहायलाच हवं. लेम्पी, त्याची बायको, होती तोवर त्यांच्या घरची लाकडी जमीन वाळूनं घासून इतकी पांढरी असायची की तिच्यावर पाऊल ठेवायचा संकोच वाटावा. ती त्याला शनिवारी सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, पाठवायची आणि रविवारी सभेला, आणि दोन्हीकडे तो कुरकुरत का होईना जायचा. लेम्पी शरदात गेली. रीतीप्रमाणे त्यांच्याच सौनात मी आणि तिच्या बहिणीनं तिला शेवटचं न्हाऊ घातलं. नेस्तोरीचा जन्मही तिथलाच, त्याच्या बापाचाही. त्या दिवसानंतर सौनाच्या चुलीत त्यानं काडी घातली नाही. मग अंगाला पाणी कधी लावता, असं विचारलं तर म्हणायचा, "उन्हाळ्यात नदी आहे की." आमच्याकडे उन्हाळा असतो केवढा!

त्याच्याकडे एक घोडा होता आणि मुस्तिक्की नावाची काळी गाय. गाय गुणाची. मालकाच्या मानानं तर साध्वीच.

हिवाळ्यात गुरांना पाणी पाजण्यात इथल्या बाईचं निम्मं आयुष्य जातं. गोठ्याला लागून चूल असते, चुलीवर ओतीव लोखंडाचा मोठा हंडा. त्यात पाणी कोमट करायचं, पाजायचं, आणि राहिलेला शेवटचा थेंब संध्याकाळी उपसून टाकायचा. लेम्पी गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात नेस्तोरीनं तो उपसला नाही. हंड्यातलं पाणी दगड झालं आणि हंडा तळापासून काठापर्यंत उलला. नवा बसवायचा तर चूल फोडावी लागते. चूल फोडायची तर उठावं लागतं.

म्हणून त्यानं लिदीचा मार्ग धरला. घोड्याची ताजी लीद आतून तापते. फळ्यांच्या मोठ्या खोक्यात ती ठासून भरायची आणि मधोमध पाण्याचं पिंप रोवायचं. बाहेर झाडं थंडीनं तडकत असली तरी पाणी गोठत नाही. यात वावगं काही नाही. माझे वडीलसुद्धा असंच करायचे. पण ते पिंपाच्या काठाभोवती वाळलेलं शेवाळ दाबून बसवायचे, वर घट्ट झाकण ठेवायचे, आणि दर आठवड्याला पिंप बाहेर काढून उकळत्या पाण्यानं घासायचे. नेस्तोरीनं या सगळ्यातली फक्त लीद तेवढी उचलली.

जानेवारीतला तीन राजांचा सण झाला आणि थंडीनं दात दाखवले. नाकातला श्वास नाकातच गोठायचा. अशा एका सकाळी आमच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं. आधी वास आत आला, मग नेस्तोरी.

"मालकीणबाई, गाय रुसलीय."

"गाई रुसत नाहीत. काय झालंय ते सांगा, आणि तिथंच उभे राहा. आत्ताच पुसलंय."

"परवापासून पाण्याला तोंड लावत नाही. हुंगते, फुरफुरते नि मागं सरते. दिवस भरलेत हो तिचे. या नि जरा प्रार्थना करा तिच्यासाठी."

माझा नवरा, आर्वी, कॉफी पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली. "आधी पाणी बघू. मग देवाला त्रास देऊ."

गोठ्यात पाऊल टाकलं आणि मी डोक्याचा रुमाल नाकावर धरला. मुस्तिक्कीच्या मागच्या अंगाला सुकलेल्या शेणाची चिलखतं चढली होती. डोळे खोल गेले होते, नाकाडं कोरडं ठणठणीत. बिचारी भिंतीवरचं हिव चाटत होती. चाटून चाटून भिंतीचा तेवढाच भाग स्वच्छ झाला होता. त्या गोठ्यातली तेवढीच जागा स्वच्छ.

आणि ते पिंप! काठावर हिरवट-काळा बुळबुळीत थर, वर तरंगणारा पेंढा, आणि एका बाजूला फळी फुगून लिदीचा रस थेट आत झिरपत होता. पाण्यावर वाफ होती. ती वाफ तोंडावर आली तशी मी दोन पावलं मागं सरले.

"हे पाजता तिला?" मी म्हणाले.

"का? कोमट आहे. कोण पाजतं एवढं कोमट?"

"नेस्तोरी, हे पाणी नाही, हा काढा आहे."

"तुमची नाकं फार वर चढलीत नदीअलीकडं." एवढं बोलून त्यानं खुंटीवरचं ओगराळं घेतलं, पिंपात बुडवलं आणि माझ्याकडे बघत बघत घटाघटा प्यायला. दाढीवरून ओघळ खाली आले. मिशी पुसली. "घ्या. मेलो का?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. आर्वीनं एक काठी घेतली आणि पिंपाचा तळ ढवळला. काठीला काहीतरी मऊ लागलं. त्यानं ते वर आणलं. उंदराचं शेपूट तेवढं शाबूत होतं.

मी बाहेर धावले आणि बर्फात ओकले. आतून नेस्तोरीचा आवाज येत होता : "अरे, हा तर बरेच दिवस दिसला नव्हता!"

हा माणूस विनोद करत होता की खरंच बोलत होता, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्हींत घाण सारखीच आहे.

आर्वी म्हणाला, "पिंप रिकामं कर, घास."

तेव्हा मात्र नेस्तोरीचा चेहरा उतरला. "रिकामं केलं की गार पडतं. गार पाणी भरलं की सकाळपर्यंत बर्फ. लीद थंडावलीय, एक घोडा देऊन देऊन किती देणार? नवी तापायला आठवडा लागतो. गाय आठवडाभर काय करील?" मग खालच्या आवाजात, "हीच एक आहे रे माझ्याकडं."

मुस्तिक्कीला आमच्या गोठ्यात आणावं, तर मध्ये नदी. नदीवरचा बर्फ वाऱ्यानं काचेसारखा घासलेला. भरल्या पोटाची गाय त्यावर घसरली तर पाय फाकून तिथंच संपायची. शेवटी मी म्हटलं, पाणी मी आणीन. दयेनं म्हटलं असं मी म्हणणार नाही. गाईचे डोळे बघवेनात म्हणून म्हटलं.

आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी आमच्या हंड्यातलं पाणी दुधाच्या कॅनमध्ये भरून, मेंढीच्या कातड्यात गुंडाळून, ढकलायच्या घसरगाडीवर नदीपार नेऊ लागले. पहिल्या दिवशी मुस्तिक्कीनं बादलीत तोंड घातलं ते रिकामी झाल्यावरच काढलं. नेस्तोरी खोक्याच्या कडेवर बसून बघत होता.

"तुमच्या पाण्यात साखर घालता का?"

"उंदीर घालत नाही."

त्यानं बादली उचलायलाही हात लावला नाही, आणि मीही लावू दिला नसता. ते हात तुम्ही बघितले असते तर कळलं असतं.

मग हिमवादळ आलं. दुसरा तीर दिसेना, अंगणातली विहीर दिसेना. आर्वीनं मला दाराशी अडवलं : "गाईपायी तू नदीत गेलीस तर तुला शोधायलाही कुणी जाऊ शकणार नाही." दोन दिवस मी आमच्या गाईंना पाणी पाजत होते आणि प्रत्येक घोटाला मला तिकडची कोरडी जीभ दिसत होती. प्रभूनं शब्बाथच्या, विश्रांतीच्या दिवशीही विहिरीत पडलेल्या बैलाला ओढून काढायला सांगितलंय. वाऱ्याचं मात्र त्यानं काही सांगितलेलं नाही. मी गुडघ्यावर बसून त्या गाईसाठी प्रार्थना केली. मालकासाठी केली नाही. तेव्हा सुचलंच नाही.

वादळ निवल्यावर गेले. गोठा रिकामा. पिंप गोठलेलं, वर कुऱ्हाड तशीच रुतलेली.  गाय मेली आणि यानं ओढून नेली, असंच वाटलं. तेवढ्यात सौनाच्या धुराड्यातून धूर दिसला.

मला क्षणभर आनंद झाला, की हा माणूस अंघोळ करतोय.

दार उघडलं तर मुस्तिक्कीचं ढुंगण समोर.

सौनात गाय! जिथं आवाज चढवून बोलायचं नाही, शिवी द्यायची नाही, जिथं आमच्या आज्या-पणज्यांनी पोरं जन्माला घातली, तिथं गुडघाभर शेण. ज्या बाकावर लेम्पीला निजवून मी तिचे केस धुतले होते, त्यावर गवताचा भारा. लेम्पीनं हातानं बांधलेली, न्हाताना अंगावर मारायची बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी इतके दिवस खुंटीवर होती, त्या जुडीनं हा आता गाईची पाठ खाजवत होता.

"नेस्तोरी!" मी ओरडले. सौनात ओरडले.

"हळू बोला मालकीणबाई, सौना आहे."

"लाज नाही वाटत? इथला हंडा धड होता! इथं पाणी तापवून दोन बादल्या गोठ्यात न्यायच्या, तर गायच उचलून इथं आणलीत?"

"बादल्या रोज न्याव्या लागल्या असत्या. गाय एकदाच आणली." मग मिश्कील डोळ्यांनी, "आणि काय हो, प्रभू गोठ्यात जन्मला ते चालतं, मग वासरू सौनात जन्मलं तर बिघडलं कुठं?"

"प्रभू खाली उतरून गोठ्यात आला. तुम्ही गोठा वर चढवून सौनात आणलात. फरक आहे!"

"मला नाही दिसत."

"तुम्हाला दिसायला आधी डोळे धुवायला हवेत."

त्यानं हंड्यात ओगराळं घालून कोमट पाणी काढलं आणि बादलीत ओतलं. मुस्तिक्की प्यायली. नाकाडं ओलं होतं. हंड्यातलं पाणी, हे मला लिहावंच लागेल, स्वच्छ होतं. तळ दिसत होता.

मी तशीच परत आले. तीन दिवस माझ्या कपड्यांचा वास गेला नाही. आर्वीला सांगितलं तर तो हसून हसून बाकावर आडवा झाला, त्यामुळे त्याच्याशीही मी बोलले नाही.

मुस्तिक्की त्याच आठवड्यात व्याली. कालवड झाली, काळीभोर, धडधाकट. गावात बातमी गेली तशा बायका हसल्या, नाकं मुरडली, आणि कोर्वेलाच्या सौनाचं नाव काढणं सगळ्यांनी सोडलं. लेम्पीच्या बहिणीनं तर नदीपलीकडे बघणंच सोडलं. तिचं मला पटतं.

मग एका दुपारी नेस्तोरी दारात उभा. हातात खरवसाचं भांडं, पहिल्या चिकाचा, भट्टीत भाजलेला, वर तपकिरी साय. पहिल्या चिकाचा खरवस शेजारी आणून दिला तर नाकारायचा नाही. नाकारला तर गाय आटते, असं आमच्याकडे सगळेच मानतात, आणि सभेतले वडीलधारेही या बाबतीत गप्प बसतात. भांडं बाहेरून इतकं माखलेलं की मातीचं आहे की चिनी मातीचं, कळू नये. खरवसात एक केस होता. काळा. गाईचा असावा अशी मी आशा केली.

"बसा," आर्वी म्हणाला.

मी प्रार्थना म्हटली. गाईसाठी देवाचे आभार मानले, कालवडीसाठी मानले, पाण्यासाठी मानले. भांड्यासाठी मला शब्द सापडले नाहीत. मग मधोमध चमचा घातला, जिथं भांड्याच्या कडेचा स्पर्श झाला नसेल तिथं, आणि एक घास गिळला. चव चांगली होती. त्यामुळे आणखी वाईट वाटलं.

"कसा झालाय?" नेस्तोरीनं विचारलं.

"गाय चांगली आहे," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी भांडं राखेच्या उकळत्या पाण्यात टाकलं. दोनदा पाणी बदललं. आतून पांढरं भांडं निघालं, काठावर निळी वेलबुट्टी. रविवारी सभेच्या दाराशी तो घोडा बांधत होता. आत यायला तयार नव्हता, फक्त तिथं वाटलं जाणारं टपाल घ्यायला आला होता. मी भांडं त्याच्या हातात दिलं.

त्यानं उलटसुलट करून पाहिलं. "हे माझं नाही."

"तुमचंच आहे."

"नाही हो. माझं तपकिरी होतं."

मी काठावरचा टवका दाखवला, बुडाची चीर दाखवली. तो मान हलवत राहिला. बायका थांबून बघू लागल्या. शेवटी, मी त्याच्यावर परकं भांडं लादते आहे अशा चेहऱ्यानं त्यानं ते कोटाच्या खिशात कोंबलं, त्याच खिशात जिथं तो माशांचं आमिष ठेवतो, आणि निघून गेला.

इस्टरनंतर एकदा कालवड बघायला गेले, तेव्हा त्या भांड्यात मांजर दूध पीत होतं. भांडं तपकिरी झालं होतं. नेस्तोरी समाधानानं म्हणाला, "बघा, सापडलं माझं."