तळव्यांची आग

अक्काच्या रक्तात दोष असावा, ही शंका डॉक्टरांनी मला एकट्याला बोलून दाखवली होती. ती मी लपवली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझी ही थोरली बहीण विधवा, आमच्याकडेच राहायची. संधिवाताने तिची बोटं वाकली होती. रक्त तपासलं की प्लेटलेट वाढलेल्या निघायच्या. सांधे सुजले की त्या वाढतात, असं आम्ही ऐकून होतो. त्या वर्षी मात्र नव्या गोळ्यांनी सूज उतरली आणि प्लेटलेट चढतच राहिल्या. डॉक्टर म्हणाले, "हे संधिवाताचं दिसत नाही. रक्ताचा वेगळा आजार असेल, तर गुठळी होण्याची भीती. हाडातली मज्जा तपासू. उशीर नको."

तेव्हा माझ्या मुलीची सोयरीक जवळच्याच आनेकल गावातल्या एका घरात ठरत आली होती. बेंगळुरातली आम्हा जुन्या मराठी माणसांची घरं मोजकी. एका घरात शिंक आली की दुसऱ्या घरात काढा उकळतो. आत्याच्या रक्तात दोष म्हटल्यावर भाचीला कोण करून घेणार? सांधेदुखीबद्दल कुणी विचारत नाही. मी घरी येऊन सांगितलं, "सांध्यांचंच आहे." तपासणी लग्नानंतर करू, असं मनाशी ठरवलं.

अक्काचे तळवे लालबुंद व्हायचे. ती बादलीत पाय बुडवून बसायची.

"आग होते रे. स्वल्प गार पाणी ओत."

"भाचीच्या लग्नात नाचायची घाई झालीय तुझ्या पायांना."

"नाचेन की! तू तुझी ढेरी सांभाळ, फोटोत मावायची नाही."

दोघंही हसलो.

हळदीच्या सकाळी ती न्हाणीघरात पडली. मेंदूत गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आजार रक्ताचाच निघाला; तळव्यांची आगही त्याचीच. लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं.

पुढे तिच्या तोंडी एकच शब्द उरला, कानडीतला 'सरी'. आपल्या 'बरं'सारखा. चहा दिला, सरी. कूस बदलली, सरी. अंथरूण ओलं झालं तरी सरी. माफी मागितली तर काय उत्तर येणार ते मला ठाऊक होतं. म्हणून कितीतरी महिने मागितलीच नाही.

मग एका दुपारी तिचे पाय पुसताना म्हणालो, "अक्का, डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. मुलीच्या लग्नासाठी मी ते तुझ्यापासून लपवलं. तुला विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं. सरी म्हणू नकोस."