झोळीत झोपणारे हायाशी-सान

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी, असे विचारले तर मी हायाशी-सानांचे नाव घेईन. सिंगापूरच्या आमच्या कंपनीत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना उचलून खुर्चीत बसवणारे यंत्र बनते. त्यात काहीही बदल झाला, की आमचे हे साठीचे जपानी प्रमुख बूट काढून स्वतः यंत्राच्या झोळीत झोपत, डोळे मिटत आणि म्हणत, "उचला. मी आता ऐंशीचा आहे."

घरातला पहिला पदवीधर मी. मुलाखतीत इतरांनी कॉलेजचे नाव विचारले. ते कोणी ऐकलेच नव्हते. हायाशी-सानांनी विचारले, "लहानपणी काय मोडलंत?"

"शाळेचा लाउडस्पीकर. उघडला, पण परत जोडता आला नाही."

ते खूप हसले. "उघडलात ना! या आमच्याकडे."

त्यांची पद्धत संथ. बिघाड सापडला की तो का झाला, आणि त्या कारणाचे कारण काय, असे खणत राहायचे. जपानमधल्या कारखान्यात ते याच शिस्तीत घडले होते. चीनमधल्या शेन्झेनहून आलेल्या आमच्या सहकारी लिन मॅडमना हे सोसत नसे. त्यांच्याकडे नवी वस्तू आधी गिऱ्हाइकाच्या हातात जाते, मग सुधारते. "तुमचं मशीन निर्दोष होईपर्यंत या आज्या थांबणार आहेत का?" त्या विचारत. झोळीच्या मुठीवर आम्ही महिनोन्महिने घालवले होते. त्यांनी आठवड्यात पाच तऱ्हांच्या मुठी मागवल्या आणि सिंगापूरच्याच सेंगकांग भागातल्या एका वृद्धाश्रमात आज्यांच्याच हातात दिल्या. आज्यांनी निवडलेली मूठ आजही यंत्राला आहे. हायाशी-सान लिन मॅडमपुढे वाकले. "मी विचार करत बसलो, तुम्ही विचारून आलात."

मग ब्रेकचा प्रश्न आला. झोळी वर असताना तो मधूनच निसटे. "जाऊ द्या बाजारात, तक्रार आली की लगेच नवा बसवू," लिन मॅडम म्हणाल्या.

"मूठ तुटली तर शिव्या मिळतात," हायाशी-सान म्हणाले. "ब्रेक सुटला तर माणूस पडतो."

त्यांनी चाचणीच्या अहवालावर सही नाकारली. मालकांना घाई होती. त्यांनी हायाशी-सानांना काढले आणि प्रमुखपद लिन मॅडमना दिले. जपानला परतताना हायाशी-सान मला एवढेच म्हणाले, "तुमच्या नोकरीचं मी लिनशी बोललोय. घाबरू नका." स्वतःची नोकरी गेलेला माणूस माझ्या पासची, म्हणजे सिंगापुरात काम करायच्या परवान्याची, काळजी करत होता.

पुढे ब्रेक तसाच ठेवून तो अहवाल सहीसाठी माझ्यासमोर आला. आज त्यांना पाठवलेले पत्र हे:

आदरणीय हायाशी-सान,

मी सही केली नाही. लिन मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागले. म्हणाल्या, "तू नाही तर दुसरा करेल. मशीन सोमवारी सेंगकांगच्या वृद्धाश्रमात जातंय." दुसऱ्याने केलीसुद्धा. माझी नोकरी गेली, पास रद्द होतो आहे, आणि यंत्र काही थांबले नाही. वडिलांना अजून सांगितलेले नाही. अन्न गोड लागत नाही.

उद्या मी त्या वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या मुख्य नर्सना सगळे सांगणार आहे. त्या ऐकतील का, माहीत नाही. मला शाबासकी लिहू नका. ब्रेक का निसटतो, हे तुम्हाला जेवढे कळले तेवढे सोप्या इंग्रजीत आज रात्रीच लिहून पाठवा. घाबरलो की माझे इंग्रजी अडखळते. निदान वाचून तरी दाखवीन.

आपला,
महेश