पाच गोळ्या, दोन चांद

माझं नाव रायफलच्या यादीत आलं ते यादी भरायची होती म्हणून. त्यात माझी हुशारी काही नव्हती. महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील. चीनची लढाई होऊन गेली होती आणि साध्या माणसालाही बंदूक धरता आली पाहिजे असं वर कुठेतरी ठरलं होतं. धामणगाव बढ्याला दर रविवारी शिकवणी लागली. पुरुषांची नावं पटापट झाली. बायांची पाच पाहिजे होती. शाळेतल्या दोन बाई, सरपंचाची सून आणि बांगड्या भरणारी मनियार भाभी अशा चौघी मिळाल्या. पाचवी मिळेना. आमचे हे तेव्हा पंचायतीत शिपाई होते. तिथल्या साहेबानं यांच्याकडे पाहिलं, यांनी घरी येऊन माझ्याकडे पाहिलं. झालं.

मी चौथी शिकलेली. बंदूक पाहिली होती ती जत्रेत फुगे फोडायची, तीही लांबून.

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. घरात शब्द त्यांचा. बंदुकीचं त्यांना काही वाटलं नाही. लोक काय म्हणतील याचंही वाटलं नाही. निंदणाच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या, दिवसात रविवारी एक बाई कमी पडते याचं वाटलं.

"तिथं जाऊन काय आनते ते? चारा आनते का भाजी?" त्यांनी यांना विचारलं.

"सरकारी काम आहे बाबा," हे म्हणाले.

"सरकार निंदाले येते का मंग आपल्याकडं?"

पण यांची नोकरी होती, म्हणून मला जाऊ दिलं.

शिकवणारा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार होता. मेहकरकडचा, कुणब्याचा. गावाबाहेर मुरूम काढून काढून मोठा खड्डा झाला होता, त्याच्या भिंतीला फळ्या लावून त्यावर कागद चिकटवलेले. कागदावर काळं वर्तुळ. त्याला चांद म्हणायचे आणि सगळ्या कामाला चांदमारी. रायफल लहान होती, टू-टू म्हणत. तिची गोळी करंगळीच्या पेराएवढी. मी म्हटलं, एवढ्याशानं काय होतं? हवालदारानं एक गोळी मारून लाकडाचा ओंडका दाखवला. आरपार नव्हती गेली, पण बोट घालून सापडेना इतकी आत होती.

पालथं झोपून मारायचं होतं. शाळेतल्या बाई पाचवारी नेसायच्या, त्यांचे हाल झाले. मी नऊवारी कासोट्याची, मला काही अडचण आली नाही. डोक्यावरचा पदर तेवढा डोळ्यावर यायचा. हवालदार म्हणाला, "बाई, पदर तरी बांधा, नाही तर डोळा तरी." मी पदर मानेमागे गाठ मारून बांधला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी ते आठवडाभर चघळलं. शेजारीण मला विहिरीवर म्हणाली, "काय वं, नवऱ्याले उडवतं का आता?" मी म्हटलं, "नाही, सुरुवात शेजारापासून करायची आहे."

हवालदार शिकवायचा चांगला. त्याचं इंग्रजी पलटणीतलं, ते आम्हाला कळायचं नाही, हे त्याला दुसऱ्याच रविवारी उमगलं. मग त्यानं भाषा बदलली. पहिल्यांदा मी घोडा ओढला तेव्हा नळी वर उडाली आणि गोळी कुठे गेली ते अजून कोणाला माहीत नाही. तो माझ्याजवळ उकिडवा बसला.

"घरी म्हैस आहे?"

"आहे."

"दूध कोण काढते?"

"मीच."

"मंग थानाले हिसका देता का? लाथ बसन. तसंच हे. ओढायचं नाही, दाबायचं. अन् दाबतानी अर्धा श्वास सोडून थांबायचं."

पुढची गोळी काळ्यात बसली. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची असेन. तोवर मला कोणी काही शिकवलं नव्हतं. सांगितलं होतं पुष्कळ. पीठ असं मळ, असं बस, असं बोल. सांगणं आणि शिकवणं यातला फरक मला त्या मुरमाच्या खड्ड्यात कळला. त्या माणसाचे उपकार मी मानते.

एका गोष्टीला मात्र तो फार कडक होता. नळी आपल्या चांदाकडेच ठेवायची. कोणी हाक मारली तरी मान वळवायची, नळी नाही. एकदा मी भाभीशी बोलायला रायफलसकट वळले तर तो असा ओरडला की खड्ड्यातली कबुतरं उडाली.

मनियार भाभी माझ्या उजव्या बाजूला असायची. तिचा हात नाजूक कामाचा. बांगडी भरताना तिनं कोणाचं मनगट दुखवलं नाही कधी. पण आवाजाला ती भ्यायची. गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायची. "भाभी, डोळे उघडे ठेवा," मी म्हणायची. "रखती हूँ बहन, वो खुद बंद होते," ती म्हणायची. येताना माझ्यासाठी ती पानाचा विडा आणायची, तो मी मामाजींच्या नजरेआड खायची.

पोळा झाला, पावसानं उघडीप दिली, आणि निरोप आला की बुलढाण्याला नवशिक्यांची स्पर्धा आहे. पाच गोळ्या, एक कार्ड, म्हणजे चांदाचा कागद. घरी मी जेवायला वाढत होते तेव्हा यांनी हळूच विषय काढला. मामाजींचं दुसऱ्या निंदणाचं चाललं होतं. त्यांनी घास चावून संपवला. मग म्हणाले, "आता यादी भरली, साहेबाचं काम झालं. अजून काऊन जाते?"

मी त्यांच्यापुढे एरवी बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "मले येतं ते, मामाजी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. बैल विकत घेताना बघतात तसं.

"येतं म्हनते? ठीक. बुलढाण्याले जाय. तुह्या पाचही गोळ्या काळ्यात बसल्या तर पुढं रविवारचं जाय. एक जरी बाहेर गेली, तर विषय बंद. मंग मले कोनी म्हनू नये."

यांनी मान हलवली. मीही हलवली. रात्री मला झोप आली, उगाच खोटं सांगत नाही. पण हरले तर पुन्हा रायफल हातात येणार नाही, हे मला स्पष्ट कळलं होतं आणि ते मला नको होतं. घरात, शेतात मी करत होते त्यातलं काहीच माझं एकटीचं नव्हतं. हे होतं.

एसटीनं राजूर घाट चढून आम्ही पाचही जणी गेलो, हवालदार आणि आमचे हे सोबत. बुलढाण्याला हवा गार. तिथला साहेब शहरातून आलेला, पांढरी टोपी घातलेला, बोलणं एकदम पुस्तकी. सहा-सहा बायांनी ओळीनं झोपायचं. माझा चांद तीन नंबरचा, भाभीचा चार. प्रत्येकीच्या उजव्या हाताला कापडावर पाच गोळ्या मांडलेल्या. शिट्टी वाजली.

माझी पहिली काळ्यात. दुसरी काळ्यात. तिसरीला मी थांबले, श्वास नीट केला, मग दाबलं. तीही काळ्यात. पंचवीस यार्डांवरचं भोक तेव्हा माझ्या डोळ्याला दिसायचं, आता ताटातला खडा दिसत नाही.

शेजारी भाभीच्या गोळीनं मुरूम उडाला. चांदाच्या खाली, हातभर. पुन्हा मुरूम उडाला. मग तिच्याकडून आवाजच येईना. मी मान वळवून पाहिलं. सुटलेल्या गोळीची रिकामी पुंगळी तिच्या रायफलीत अडकली होती. अशा वेळी हात वर करायचा असतो. ती हात वर करायलाही लाजत होती. पुंगळी निघावी म्हणून बोल्ट ओढत होती आणि रडत होती. साहेबानं ओरडून सांगितलं, एक मिनिट राहिलं.

इथं एक सांगायला पाहिजे. निंदणाला बाया ओळीनं बसतात. प्रत्येकीची एक पात, म्हणजे निंदायचा पट्टा. एखादी मागं पडली, कोणाचं लेकरू रडलं, कोणाच्या पोटात दुखलं, तर दोन्ही बाजूच्या बाया आपली पात निंदता निंदता तिचीही थोडी उचलतात. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. न उचलणाऱ्या बाईजवळ पुन्हा कोणी पात धरत नाही. आठव्या-नवव्या वर्षापासून मी हे करत आलेली.

माझ्या उरलेल्या दोन गोळ्या मी चार नंबरच्या चांदावर मारल्या. नळी एवढीशी वळवली, श्वास सोडला, दाबलं. दोनदा. त्या वेळी मामाजींची अट माझ्या डोक्यात नव्हती. काहीच नव्हतं. भाभी मागं पडली होती, एवढंच.

शिट्टी वाजली. कार्डं आणली. साहेब चार नंबरचं कार्ड हातात धरून खूश झाला. "वा! दोन्ही अगदी मध्यभागी. हे कार्ड कोणाचं?"

भाभीनं डोळे पुसले. "साहब, कार्ड मेरा है. गोलियाँ मेरी नहीं. मेरी तो मिट्टी में गईं."

तिला गप्प बसता आलं असतं. ती बसली नाही. तेव्हापासून ती मेली तोवर मी दुसऱ्या कोणाकडून बांगड्या भरल्या नाहीत.

साहेबानं मग माझं कार्ड पाहिलं. तीनच भोकं. "बाई, तुमच्या दोन गोळ्या कुठे गेल्या?"

"तिच्यात," मी म्हटलं.

"का?"

"ती मागं पडली होती. पात उचलली."

साहेबाला काही कळेना. "पात म्हणजे काय?" त्यानं हवालदाराला विचारलं. हवालदार आधी खाली बसला आणि मग हसला, पोट धरून. शाळेतल्या बाईही हसल्या. सरपंचाच्या सुनेनं मला चिमटा काढला. साहेबानं नियम सांगितला. दुसऱ्याच्या चांदावर गोळी गेली की कार्ड बाद. माझं कार्ड बाद झालं. रागावला नाही तो, पण बाद ते बाद.

हवालदाराचं हसणं थांबलं तेव्हा त्यानं मला बाजूला बोलावलं. आता तो हसत नव्हता. "निंदतानी हात चुकला तर आपलं बोट कापते. इथं नळी वळली अन् कोनी मधात उभं असलं तर मानूस जाते. भाभीसाठी हात वर करायचा होता तुम्ही. मदत तशी करायची असते इथं." मला ते लागलं, कारण खरं होतं. पुढे मी कधी नळी वळवली नाही.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. मामाजी ओट्यावर दोरी वळत बसले होते. हे माझ्या आधी घरात शिरले आणि माठापाशी पाणी पीत उभेच राहिले, म्हणजे सांगायचं मलाच होतं.

"काय झालं?" मामाजींनी विचारलं.

"कार्ड बाद केलं."

"काऊन?"

मी सगळं सांगितलं. पुंगळी अडकली, भाभी रडली, पात उचलली, साहेब, नियम. काही लपवलं नाही. त्यांनी दोरी वळायची थांबवली नाही.

"तुह्या चांदात किती?"

"तीन."

"काळ्यात?"

"हाव."

"तिच्या चांदात?"

"दोन. काळ्यातच. मधात."

त्यांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाले, "मंग पाच झाल्या."

"पन कार्ड बाद आहे, मामाजी."

"ते साहेबाचं. मी म्हटलं होतं पाचही गोळ्या काळ्यात. कोनाच्या काळ्यात, हे म्हटलं होतं का?" त्यांनी दोरीला गाठ मारली. "अन् बाजूची बाई रडून राह्यली असती अन् तू आपलीच पात घेऊन पुढं गेली असती, तर मी तुले घरातच घेतलं नसतं. जाय रविवारी."

आत माठाजवळ यांना ठसका लागला.

मामाजींशी माझं फारसं जमत नसे. ते हेकट होते, मी कमी नव्हते. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवायचे. पण शब्द दिला तर त्याचा अर्थ आपल्या सोयीनं बदलायचे नाहीत. या वेळी बदलला, तो माझ्या सोयीनं.

पुढच्या रविवारी मी शिकवणीला गेले. परत आले तर जाऊबाई मला दारातच धरून हसायला लागली. तिकडे शेतात माझी पात रिकामी ठेवायची नाही म्हणून मामाजी स्वतः बायांच्या ओळीत खुरपं घेऊन बसले होते. आमच्याकडे पुरुष निंदायला बसत नाहीत, म्हातारा तर नाहीच. बायांनी त्यांची पार दैना केली.

"मामाजी, लुगडं आनू का तुमच्यासाठी?" एकीनं विचारलं म्हणे.

"आन. पन आधी मागं पाह्य, अर्धं गवत तसंच ठेवून राह्यली तू."

मी त्यांना गरम पाणी काढून दिलं पाय शेकायला, तेही त्यांनी मागितलं म्हणून. मी सहा वर्षं रविवारी गेले. बक्षीस एकदाच मिळालं, तिसरं, पितळी पेला. पहिली दोन वर्षं, त्यांचे गुडघे वाकत होते तोवर, निंदणाच्या रविवारी माझी पात मामाजींनीच धरली.